कागदावरची रजा

लिफ्टचं दार मिटत आलं होतं, तेवढ्यात बाहेरून कुणीतरी हात आडवा घातला. दार पुन्हा उघडलं आणि डोलोरेस हाउप्ट आत आली. एका हातात कॉफी, गळ्यात ओळखपत्र, चष्मा नेहमीसारखा केसांत खोचलेला आणि नेहमीसारखीच ती तो शोधत असलेली. डोलोरेस ही लीलंड ट्रास्कची वरिष्ठ. पण इतकी वर्षं एका खात्यात, एका मजल्यावर, त्याच त्या वादळांमागे धावण्यात गेल्यावर वरिष्ठ-कनिष्ठ कसलं राहतंय. "बरं झालं भेटलास," ती म्हणाली, "वरून सही झाली रे. तुझी बुडालेली रजा परत आली. सगळी. तो ऑक्टोबरसुद्धा." आणि त्याच्या दंडावर थोपटून ती काही कामाला चौथ्या मजल्यावर उतरूनही गेली. लीलंडला सातव्यावर जायचं होतं. सातवा आला, दार उघडलं, समोर करडा गालिचा दिसला, पिण्याच्या पाण्याचं यंत्र दिसलं, दार मिटलं. हा आत तसाच उभा. मग लिफ्टनं त्याला पुन्हा खाली नेलं. तळमजल्यावर चार माणसं आत शिरली, त्यांतल्या एकानं विचारलं, कितवा मजला? लीलंडनं सातव्याचं बटण पुन्हा दाबलं. तो ऑक्टोबरसुद्धा, ती म्हणाली होती. हरवलेली छत्री सापडल्यासारखं म्हणाली होती.

आता सरकारी नोकरीतली रजा ही काय चीज आहे, हे ज्यानं ती नोकरी केली नाही त्याला सांगून कळायचं नाही. रजा हळूहळू साठत जाते, माणसाला बरं वाटतं. पण महिनाभराच्या वर जेवढी साठेल तेवढी वर्षअखेरीला पुसली जाते. वापरा नाही तर विसरा, असा सरळ हिशेब. त्यात लीलंडच्या खात्याचं काम पडलं आपत्तीचं. कुठे पूर, कुठे चक्रीवादळ, कुठे अख्खं गावच जळालेलं. तिथं पाण्याचे ट्रक, ताडपत्र्या, खाटा, जनरेटर कसे पोचवायचे ते कॅन्सस सिटीतल्या या इमारतीत फोनवर बसून ठरवायचं. आणि आपत्ती काय तुमच्या रजा बघून येते? उन्हाळा सरता सरता दक्षिणेकडच्या आखातात वादळं उठायला लागतात, नेमकी लोकांनी रजा टाकलेली असते तेव्हाच. मग रजा रद्द. त्यावर सरकारनंच तोड काढलेली. रजा आधी लेखी मागितलेली असेल आणि सरकारी निकडीपायी रद्द झाली असेल, तर बुडाली तरी ती परत देता येते, दोन वर्षांत वापरायच्या बोलीवर. मागितलीच नसेल तर गेली ती गेली. झालं! माणसं कसली सोडतात? खात्यात रीतच पडून गेली. वसंत लागला की ज्यानं त्यानं वर्षअखेरीपर्यंतच्या रजा मागून ठेवायच्या, घ्यायच्या म्हणून नव्हे, बुडू नयेत म्हणून. कागदावरची रजा, असंच सगळे तिला म्हणत. कागदोपत्री अमका माशांच्या मागे अलास्काला, तमकी बहिणीच्या बाळंतपणाला, आणि प्रत्यक्षात सगळी मंडळी सातव्या मजल्यावर फोन कानाला लावून बसलेली. लीलंड या कलेत चांगला मुरलेला होता. रजा खरोखर घेणारी माणसं त्याला मनातून थोडी उधळीच वाटायची.

घरात वाढणाऱ्या पोरालाही ही भाषा पाठ झाली होती. वेस्ली, त्यांचा एकुलता एक. सात-आठ वर्षांचा असल्यापासून त्याचा प्रश्न ठरलेला. तुझ्या शाळेच्या नाटकाला मी रजा टाकलीय, असं बापानं म्हणायचा अवकाश, की हा मान तिरकी करून विचारायचा, "खरी की कागदावरची?" नदीन, त्याची आई, स्वयंपाकघरातून हसायची. लीलंडही हसायचा. ऑफिसात त्यानं हे कितीदा रंगवून सांगितलं होतं, आणि डोलोरेस डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली होती. पोरगं हुशार आहे हो, सगळे म्हणायचे. नाटकाला कधी जमलं, कधी नाही. बहुधा नाहीच. पण त्यानं काही कुणाचं अडलं नाही, असं लीलंड आपला धरून चालला होता. पोराच्या आयुष्यात अजून पुष्कळ नाटकं होती.

सातव्या मजल्यावर तो पोचला तेव्हा त्याचा चेहरा बघून समोरच्या टेबलावरच्यानं विचारलं, बरं वाटत नाही का? लीलंड म्हणाला, छे, झक्कास आहे. फोन वाजला, तो उचलला, लुईझियानातल्या कुठल्या गोदामात खाटा पडून आहेत ते कुणीतरी सांगत राहिलं आणि लीलंड हं हं करत राहिला, आणि त्याच्या नाकात मात्र ओल्या लाकडाचा वास भरला. टॅनर तळ्यावरच्या त्या भाड्याच्या लाकडी खोलीचा वास. शहरापासून दक्षिणेला, डोंगरांत, ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात ती खोली स्वस्तात मिळायची, कारण तोवर पोहणारे सगळे परत गेलेले असत. पाणी काळंभोर, पानं गळायला आलेली, धक्क्यावर बसून गळ टाकायचा आणि मासा लागला तर लागला. वेस्ली लहान असताना ते तिघं मोजून तीनदा तिथं गेले असतील. पण वेस्लीच्या बोलण्यात ते असं यायचं, जणू त्याचं सगळं बालपण त्या धक्क्यावरच गेलं. एकोणिसाव्या वर्षी तो कॉलेजातून घरी आला तो रक्ताचा कर्करोग घेऊनच. जूनमध्ये डॉक्टरांनी दोघांना आत बोलावलं आणि औषधं चालत नाहीत हे सरळ सांगितलं. तुला काय हवंय, असं नदीननं पोराला विचारलं. दुसरी पोरं काय काय मागतील. हा म्हणाला, तळं. ऑक्टोबरमध्ये. आपण तिघं.

त्या रात्रीच्या जेवणाला लीलंडनं सांगितलं होतं की मी रजा टाकलेलीच आहे, वसंतातच टाकलीय, त्याच आठवड्याची. वेस्लीनं काटा खाली ठेवला. मान तिरकी केली नाही. ती मानच तोवर इतकी बारीक झाली होती की बघवत नव्हतं. "खरी की कागदावरची, डॅड?" त्यानं विचारलं. "खरी," लीलंड म्हणाला. आणि देवाशपथ, म्हणताना त्याच्या मनातही तेच होतं.

त्या वर्षीची हकिगत ऑफिसात सगळ्यांना ठाऊक होती, निदान सगळ्यांना तसं वाटत होतं. ऑक्टोबरात एका आठवड्यात दोन वादळं किनाऱ्याला लागली, सरसकट सगळ्यांच्या रजा रद्द झाल्या, बिचाऱ्या लीलंडचीही झाली, आणि पोरगं नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंगच्या सणाआधीच गेलं. म्हणून तर आज जो तो त्याच्या टेबलाशी येऊन हलक्या आवाजात म्हणत होता की चला, निदान एवढा तरी न्याय झाला. एकानं खांदा दाबला. एका बाईनं कपाटातून काढून चॉकलेट आणून ठेवलं. लीलंड सगळ्यांना थँक्यू म्हणत होता आणि त्याला आपल्या कातडीखाली काहीतरी वळवळल्यासारखं होत होतं. कारण खरी गोष्ट दोघांनाच ठाऊक होती, त्याला आणि डोलोरेसला.

पहिलं वादळ किनाऱ्याकडे वळलं त्या दुपारी डोलोरेसनं त्याला आपल्या खोलीत बोलावून दार लावून घेतलं होतं. ती म्हणाली होती, तू जा. तुझं काम योलांडा आणि मी वाटून घेऊ. कुणाची माय व्याली आहे तुला काही म्हणायची, मी आहे ना. तिनं असं म्हटल्यावर हायसं वाटायला हवं होतं. पण लीलंडला ती एकच खोली दिसली, तीन पलंग, एक शेगडी, आणि दिवसभर काहीही करायला नाही. फोन नाही, ट्रक नाही. फक्त पोराकडे बघायचं. त्याच्या हातांवरचे सुयांचे निळे डाग, त्याच्या अंगाला येणारा तो औषधी गोडसर वास, आणि मध्येच तो असा टक लावून बघायचा, जणू बापाला काहीतरी विचारायचंय आणि बापाला लागू नये म्हणून विचारत नाहीये. इथं निदान कुणी पाणी मागितलं तर पाणी पाठवता येत होतं. घरी त्याच्याकडून काहीच पोचत नव्हतं. "नको," तो म्हणाला होता, "सगळ्यांबरोबर माझीही रद्द कर." डोलोरेसनं चष्मा शोधला, आणि त्याचंही नाव इतरांच्या ओळीत टाकलं. सरकारी निकड. संध्याकाळी घरी जाऊन तो दारातच म्हणाला, "रद्द झाली." नदीन बॅग भरत होती, तिनं मान वर केली नाही. वेस्ली टेबलाशी बसला होता. तोच म्हणाला, "तिकडे लोकांची घरं गेलीत, डॅड. तू जा. आम्ही तुझ्या वाटणीचे मासे आणू." केवढं मोठं मन या पोराचं, असं तेव्हा लीलंडला वाटलं होतं, आणि पायऱ्या उतरताना, लाज वाटावी इतकं हलकंही वाटलं होतं.

आता सरकार म्हणत होतं की ते दिवस आम्ही तुमच्याकडून घेतले होते, हे घ्या परत. कुणी घेतले होते? चोरानं आपल्याच घरात चोरी करावी आणि पोलिसांनी माल आणून त्याच्याच हातात द्यावा, तसला हा प्रकार. आणि दोन वर्षांत ते वापरायचे! त्या ऑक्टोबरचं माणसानं करायचं काय? खोली तीच मिळेल, तळं तिथंच आहे, धक्काही असेल. नदीनला सांगायला हवं. नदीन म्हणेल, जाऊ या. त्याला वाटलं, ती म्हणेलच. आणि मग ती खोली, ते तीन पलंग.

जेवणाच्या सुट्टीत तो पाण्याच्या यंत्रापाशी गेला आणि भिंतीवरच्या फळ्याकडे त्याचं लक्ष गेलं. खात्यात दुसरीही एक रीत होती, आणि ही मात्र सगळ्यांच्या भल्याची. कुणाच्या घरी दुखणं आलं आणि त्याची रजा संपली, तर बाकीच्यांनी आपल्यातली त्याला द्यायची. फळ्यावर योलांडा प्रुइटचं नाव होतं. योलांडाच्या धाकटीच्या हृदयाला जन्मापासूनच भोक. तिसरं ऑपरेशन झालं होतं, चौथं व्हायचं होतं, आणि योलांडाची रजा केव्हाच संपली होती. तिची खुर्ची रिकामी होती, पाठीवर तिचा निळा स्वेटर तसाच. लीलंड त्या स्वेटरकडे बघत उभा राहिला आणि त्याच्या छातीवरचा दगड कुणी उचलावा तसं झालं. अरे, एवढं सोपं! सगळी योलांडाला देऊन टाकायची. एका आईला आपल्या लेकराजवळ बसता येईल. याच्यापेक्षा त्या दिवसांचं दुसरं सोनं ते काय होणार? वेस्लीलाही हेच आवडलं असतं, असंही त्यानं स्वतःला सांगून टाकलं. मेलेल्यांना काय आवडलं असतं हे जिवंत माणसांना फार झटकन कळतं.

डोलोरेसनं ऐकून घेतलं. "सगळी?" तिनं विचारलं. लीलंड म्हणाला, सगळी. तिनं विचारलं, नदीनशी बोललास? त्यावर तो जरा तोऱ्यातच म्हणाला की त्यात बोलायचं काय, कुणालाही पटेल अशी गोष्ट आहे. डोलोरेसनं चष्मा केसांतून काढून टेबलावर ठेवला. पुढच्या वर्षी ती निवृत्त व्हायची होती, आणि ही रजा परत मिळावी म्हणून तिनं वरच्या लोकांचे किती उंबरे झिजवले ते लीलंडला आताच, तिच्या चेहऱ्याकडे बघताना उमगलं. ती एवढंच म्हणाली की आज मी पुढे पाठवत नाही. उद्या सकाळी सांग. तो म्हणाला, उद्याही हेच सांगणार. पण दुपारभर योलांडाकडे, म्हणजे तिच्या त्या स्वेटरकडे, त्याला धड बघवेना.

गाडी चालवत तो घरी निघाला तेव्हा ऑगस्टचं ऊन अजून रस्त्यावरून उठत नव्हतं. नदीनला कसं सांगायचं याची वाक्यं तो जुळवत होता. योलांडाच्या मुलीपासून सुरुवात करायची. आधी ते दुखणं, मग रजा. म्हणजे रजेची बातमी आणि ती देऊन टाकल्याची बातमी यांच्यात नदीनला श्वास घ्यायला जागाच राहणार नाही. असली आखणी त्याला चांगली जमायची. रस्ता कुठे बंद आहे ते आधीच बघून ट्रक दुसरीकडून वळवायचा. घरी पोचला तेव्हा नदीन टोमॅटो कापत होती. शेजाऱ्यांच्या परसातले, तळहाताएवढे. तव्यावर बेकनचे तुकडे चरचरत होते, ब्रेड काढून ठेवलेला. उन्हाळ्यात त्यांच्याकडे रात्रीचं जेवण हेच. तिघं असतानाही हेच असायचं. पोर गेल्यावर तिनं घर हलवलं नाही की खुर्च्या हलवल्या नाहीत. वेस्लीची खुर्ची खिडकीकडच्या बाजूला होती, ती तिथंच. त्या खुर्चीत दोघंही बसत नसत आणि त्याबद्दल बोलतही नसत.

त्यानं ठरवल्याप्रमाणे सांगितलं. आधी मुलगी, ऑपरेशन, मग रजा परत आल्याचं, मग लगेच दिल्याचं. नदीनची सुरी थांबली नाही. "चांगलं केलंस," ती म्हणाली. "गरज आहे तिला." लीलंडनं सुस्कारा सोडला. आणि मग तिनं शेगडी बारीक करत, भांडण काढायचा आवाज नव्हे, खरंच जाणून घ्यायच्या आवाजात विचारलं, "किती वेळ होती रे तुझ्या हातात?"

"काय?"

"रजा. मिळाली आणि तू देऊन टाकलीस. मधे किती वेळ गेला?"

त्याला खोटं बोलता आलं असतं. का कोण जाणे, बोलला नाही. "जेवणाच्या सुट्टीपर्यंत," तो म्हणाला.

नदीन थोडं हसली. त्या हसण्यात राग असता तर त्याला बरं वाटलं असतं. रागाला उत्तर देता येतं. ती पाठमोरीच म्हणाली की डोलोरेसचा फोन आला होता. त्यानं विचारलं, आज? आणि विचारता विचारताच त्याला कळलं की आज नव्हे. "त्या संध्याकाळी," नदीन म्हणाली. "तू घरी पोचायच्या आधी. मी बॅग भरत होते म्हणून फोन टेबलावर मोठ्या आवाजात लावला होता. ती म्हणाली, नदीन, मी त्याला जा म्हणतेय, तो ऐकत नाहीये, तू तरी सांगून बघ." सुरी अजून तिच्या हातात होती, पण आता ती काही कापत नव्हती. "वेस इथंच होता. त्या खुर्चीत. त्यानं सगळं ऐकलं."

बेकन करपायला लागल्याचा वास आला आणि कुणीच हललं नाही. नदीन सांगत होती की मी तर तुला दारातच धरणार होते. काय वाट्टेल ते बोलणार होते, जन्मभराचं. पण पोरानं माझा हात धरून ठेवला. "म्हणाला, मॉम, त्याला काही बोलू नकोस. त्याला माझ्याकडे बघवत नाही. निदान ऑफिस तरी राहू दे त्याच्याकडे."

आणि मग लीलंडला ती संध्याकाळ पुन्हा दिसली, पण आता दुसऱ्या बाजूनं. आपण दारात उभे, रद्द झाली म्हणतोय, चेहरा शक्य तितका पाडून. नदीननं मान वर केली नाही ती बॅग भरण्यात गुंतल्यामुळे नव्हे. आणि टेबलाशी बसलेला तो पोरगा, वजन उरलं नव्हतं त्याच्यात, बापाचं ते नाटक शेवटपर्यंत बघतोय आणि मग म्हणतोय, लोकांची घरं गेलीत, डॅड, तू जा. केवढी सोपी करून दिली होती त्यानं वाट. रजा सरकारनं रद्द केली नव्हती, आणि डोलोरेसनंही नाही. त्या संध्याकाळी पोरानंच त्याला रजा देऊन टाकली होती, आपल्यापासून. दोन वर्षं हा माणूस ते उशाशी घेऊन झोपत होता, आपलं गुपित म्हणून, आणि घरात ते गुपित आहे असं मानणारा एकटा तोच होता.

नदीननं तवा उतरवला. करपलेले तुकडे तिनं काढून टाकले, उरलेले थाळीत ठेवले, कागदी रुमालानं हात पुसले. तिचे हात म्हातारे झाले होते. हे कधी झालं ते लीलंडला ठाऊक नव्हतं. तो म्हणाला की डोलोरेसनं अजून पुढे पाठवलेलं नाही, उद्यापर्यंत थांबलीय. योलांडाला बाकीची सगळी देऊ, पण तो आठवडा ठेवू. ऑक्टोबरचा. तो म्हणाला, "तळ्यावर जाऊ या, नदीन. मी रजा टाकतो."

तिनं त्याच्याकडे बघितलं. पुष्कळ दिवसांनी असं सरळ बघितलं.

"खरी की कागदावरची?"

तोंडाशी आलेला शब्द तोच होता, दोन वर्षांपूर्वी याच टेबलाशी म्हटलेला. तो त्यानं गिळला. ती खोली डोळ्यांपुढे आली, तीन पलंग, त्यांतला एक रिकामा, आणि आखातात काय उठेल याचा काही नेम नसतो, आणि फोन वाजला की आपलं काय होतं हेही त्याला आता ठाऊक होतं.

"माहीत नाही," लीलंड म्हणाला.

नदीननं मान हलवली. मग तिनं खिडकीकडची खुर्ची ओढली, वेस्लीची, आणि त्याच्यासमोर तीत बसली. "बरं," ती म्हणाली, "कळेल तेव्हा सांग. ऑक्टोबरला अजून अवकाश आहे." तिनं थाळी त्याच्याकडे सरकवली. लीलंडनं ब्रेडचा तुकडा उचलला, तो तसाच हातात राहिला, आणि पोराला पुरलं त्या दिवशीही जे आलं नव्हतं ते रडू त्याला आलं. तिनं त्याला थांबवलं नाही.